पॅकेट ड्रायव्हर ‘उडाला’ म्हणतात तेव्हा काय तपासायचं

पॅकेट ड्रायव्हर म्हणजे डॉसवरच्या प्रोग्रामला नेटवर्क कार्डाशी जोडणारा छोटा प्रोग्राम. लक्षण असं: मशीन सुरू होतं, डॉस येतो, ड्रायव्हर लोड झाल्याच्या ओळी स्क्रीनवर दिसतात, पण पिंगला (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला मारलेली हाक) उत्तर नाही. वजनकाट्याची पावती छापून निघते, ऑफिसातल्या पीसीवर नोंद मात्र पोचत नाही. मागच्या हंगामात सगळं चालू होतं आणि मधल्या काळात कुणी हातही लावलेला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात उसाच्या गाड्या तोलणारे खासगी वजनकाटे आहेत, उद्यमबागेत फौंड्री आणि मशीनशॉप आहेत. तिथं अजून ४८६ आणि पहिल्या पेंटियमची मशीनं नोकरीवर आहेत. मालकाला नवीन पीसी परवडत नाही असं नाही. काट्याचा प्रोग्राम डॉसचा, तो लिहिणारा कधीच पुण्याला नाहीतर बेंगळुरूला निघून गेलेला, सोर्स कुणाकडे नाही, म्हणून मशीन राहिलंय. पावसाळाभर ते ताडपत्रीखाली झाकून पडतं आणि दिवाळीच्या आसपास, गाड्या यायच्या तोंडावर, फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं असतं: “सर, ड्रायव्हर उडालाय, नवीन पाठवा की.”

ड्रायव्हर उडत नाही. एनई२००० या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची कॉम फाइल (डॉसचा छोटा प्रोग्राम) काही किलोबाइटची. डिस्कवर बॅड सेक्टर आला नाही तर काल होती तीच आज असते. बदलतात ते तिला दिलेले आकडे, नाहीतर त्या आकड्यांखालची जमीन. नवीन फाइल टाकून मशीन चालू झालंच, तर बहुतेक वेळा त्या निमित्तानं कुणीतरी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पानांवर) गेलेला असतो, आणि श्रेय फाइलला मिळतं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोन.

आधी स्क्रीनवरच्या ओळी वाचा

क्रिनवर (Crynwr) या ड्रायव्हरांच्या जुन्या संग्रहातला ड्रायव्हर असेल (आपल्याकडे पेनड्राइव्हवरून फिरणारे बहुतेक तेच आहेत) तर लोड होताना तो शेवटी चार गोष्टी सांगतो: सॉफ्टवेअर इंटरप्ट कुठला, हार्डवेअरचा आयआरक्यू (कार्डानं सीपीयूचं लक्ष वेधायची तार) कुठला, आयओ ॲड्रेस (कार्डाशी बोलायच्या पोर्टचा आकडा) कुठला, आणि कार्डाचा इथरनेट पत्ता काय. ऑटोएक्झेकमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) या ओळी सरकून जातात. ड्रायव्हरच्या ओळीखाली एक ‘पॉज’ टाका, किंवा सरळ हातानं लोड करा. फोनवर विचारलं की “काहीतरी इंग्लिशमध्ये आलं आणि गेलं” हे उत्तर मिळतं, त्यावरून काही निदान होत नाही.

इथरनेट पत्त्याच्या जागी एफएफ-एफएफ-एफएफ असं ओळीनं दिसलं, किंवा कार्ड सापडत नाही असा मेसेज आला, तर त्या आयओ ॲड्रेसवर कुणी राहत नाही. रिकाम्या पोर्टवरून वाचलं की सगळे बिट १ येतात, म्हणून एफएफ. इथं एक ठरलेली गडबड आहे. हे ड्रायव्हर आकडे सी भाषेच्या पद्धतीनं वाचतात: आधी शून्य-एक्स असेल तर हेक्स (सोळाच्या पायाचा), नुसता शून्य असेल तर ऑक्टल (आठच्या पायाचा), काही नसेल तर साधा दशमान. त्यामुळे हेक्स ३०० च्या जागी कुणी नुसतं ३०० लिहिलं की ड्रायव्हर हेक्स १२सी वर जाऊन कार्ड शोधतो. उलट आयआरक्यू १० च्या आधी शून्य-एक्स लावलं तर ते १६ होतं, आणि १६ नंबरचा आयआरक्यू या मशीनांत नाहीच. म्हणूनच ड्रायव्हर आकडा दोन्ही रूपांत छापतो. आयओ ॲड्रेससमोर कंसात ७६८ दिसलं तर हेक्स ३०० बरोबर पोचलंय.

सॉफ्टवेअर इंटरप्ट हा वेगळाच प्राणी, त्याचा कार्डाशी संबंध नाही. काट्याचा प्रोग्राम किंवा एमटीसीपी (डॉससाठीचा नेटवर्क प्रोग्रामांचा संच) ज्या दारावर टकटक करणार ते दार म्हणजे हा. सहसा हेक्स ६०. ६७ वर ठेवू नका, ती जागा ईएमएम३८६ची (डॉसचा मेमरी मॅनेजर). ७० पासून ७७ पर्यंत तर आयआरक्यू ८ ते १५ चे व्हेक्टर (पत्ते) बसतात. ६० ते ६६ मध्येच राहा आणि एमटीसीपीच्या कॉन्फिग फाइलीत तोच आकडा आहे ना, ते बघा.

ड्रायव्हर खरंच मेमरीत बसलाय का, अशी शंका असेल तर डॉसचा डीबग उघडा आणि शून्य सेगमेंटमधले हेक्स १८० पासूनचे चार बाइट बघा (हेक्स ६० गुणिले चार). पहिले दोन ऑफसेट, पुढचे दोन सेगमेंट, प्रत्येक जोडी उलटी वाचायची. त्या पत्त्यावर गेलात की पहिले तीन बाइट सोडून पुढं, उजवीकडच्या रकान्यात ‘पीकेटी डीआरव्हीआर’ ही अक्षरं स्वच्छ दिसतात. एफटीपी सॉफ्टवेअर कंपनीच्या पॅकेट ड्रायव्हर स्पेसिफिकेशननं ही खूण ठरवून दिली, आणि कुठल्याही कार्डाचा ड्रायव्हर कुठल्याही प्रोग्रामला सापडतो तो या खुणेमुळं. खूण दिसली तर ड्रायव्हर बसलाय. नवीन फाइल मागवायचं कारण तिथंच संपलं.

पत्ता बरोबर, तरी पिंग नाही

आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी या खणातल्या आहेत.

इथरनेट पत्ता वाचायला आयआरक्यू लागत नाही, ड्रायव्हर पोर्टवरून सरळ वाचतो. पॅकेट बाहेर पाठवायलाही सुरुवातीला तो लागत नाही. आयआरक्यूची गरज पडते उत्तर आत घेताना. कार्डावर पॅकेट येतं, कार्डाच्या बफरमध्ये पडतं, कार्ड आयआरक्यूची तार ओढतं आणि सीपीयू येऊन पॅकेट उचलतो. तार चुकीची असेल किंवा तिच्यावर दुसरं कुणी बसलं असेल तर पॅकेट बफरमध्येच पडून राहतं. त्यामुळे स्क्रीनवर पत्ता अगदी बरोबर, स्विचवरचा दिवा लुकलुकतोय, आणि पिंग मात्र गप्प.

हे पक्कं करायला महागडं काही लागत नाही. डॉसच्या मशीनवरून ऑफिसच्या विंडोज पीसीला पिंग करा. उत्तर येणार नाही, ते सोडून द्या. लगेच त्या विंडोज पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीची यादी (कुठल्या आयपीला कुठलं कार्ड, ती) काढा. डॉस मशीनचा आयपी आणि त्यासमोर कार्डाचा पत्ता तिथं दिसला, तर डॉसकडून निघालेलं पॅकेट पीसीपर्यंत पोचलंय. केबल ठीक, स्विच ठीक, आयओ ॲड्रेस ठीक. बिघाड फक्त परतीच्या वाटेवर, म्हणजे आयआरक्यूमध्ये. क्रिनवरच्या संग्रहात पीकेटीस्टॅट नावाची छोटी फाइल असते, तीही हेच आकड्यांत सांगते: बाहेर गेलेल्या पॅकेटांचा आकडा वाढतोय, आत आलेल्यांचा शून्यावर अडकलाय.

यादीत डॉस मशीन दिसलंच नाही तर केबलकडे वळा. आरजे४५ आणि बीएनसी (जुन्या गोल केबलचं) दोन्ही तोंडं असलेलं कॉम्बो कार्ड सेटअपमध्ये बीएनसीवर ठेवलेलं असतं, हा प्रकार होतो. आणि ही कार्डं १० एमबीपीएसची. काही नवीन स्विच एवढ्या खाली उतरतच नाहीत. जुना १०/१००चा स्विच मध्ये टाका, काम होतं.

आता आयआरक्यू कुणी पळवला? एनई२०००च्या नकली कार्डांवर फॅक्टरीतून आयआरक्यू ३ आणि आयओ हेक्स ३०० असं बऱ्याचदा येतं. आयआरक्यू ३ ही कॉम२ची (दुसऱ्या सिरियल पोर्टची) ठरलेली जागा. आयएसए बसवर (या जुन्या कार्डांच्या स्लॉटवर) दोन कार्डांना एक तार वाटून घेता येत नाही. आणि काट्याच्या मशीनवर कॉम पोर्ट शोभेला नसतात, वजन दाखवणारा इंडिकेटर त्यातल्याच एकाला जोडलेला असतो. इंडिकेटर कॉम२वर असेल तर गंमत बघा: मशीन सुरू झाल्यावर पिंग चालतं, काट्याचा प्रोग्राम उघडला की बंद पडतं. प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हाच सिरियल चिप आपली तार बसला जोडते, तोवर ती गप्प असते. मग ऑपरेटर म्हणतो, “काट्याचा सॉफ्टवेअरच नेट खातोय.” तसं म्हटलं तर खरंच आहे.

उपाय एकच आणि कायमचा: कार्ड ३ वरून उठवा. १६ बिटचा स्लॉट असेल तर १० वर न्या. ती तार सहसा मोकळी असते. ८ बिटच्या स्लॉटमध्ये ७ च्या वरच्या तारा पोचत नाहीत, तिथं ५ बघा, पण साउंड कार्ड नसेल तरच. ७ प्रिंटरची, ४ कॉम१ची, ६ फ्लॉपीची. कार्डात बदल केला की ऑटोएक्झेकमधला आकडाही बदलायचा. दोन्ही जुळले नाहीत तर पुन्हा तेच लक्षण.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावरच का?

कारण सीमॉसचा सेल. मशीन मेन्सवरून बंद पडून राहिलं की बायोसचं घड्याळ आणि सेटिंग त्या एका सेलवर जगतात. जुन्या एटी बोर्डांना तर स्टँडबाय वीजही नाही. जून ते ऑक्टोबर मशीन झाकून ठेवलं, त्यात खानापूरकडचा पाऊस आणि ओल. अर्धमेला सेल तेवढ्यात मरतो. सुरू केल्यावर बायोस कारखान्याच्या मूळ सेटिंगवर जातो. तुम्ही पूर्वी कॉम२ बंद करून ठेवलेलं असतं, ते परत चालू होतं. प्लग अँड प्लेचा (कार्डांना आकडे आपोआप वाटायचा) पर्याय फिरतो. हार्ड डिस्क आपोआप ओळखली गेली तर मशीन डॉसपर्यंत येतंही, म्हणून कुणाला काही बदललंय असं वाटत नाही. संशय ड्रायव्हरवर.

ओळखायची खूण सोपी: डॉसमध्ये तारीख बघा. १९८० दिसलं तर बाकी काही तपासू नका, आधी सेल बदला. बटन सेल, म्हणजे सीआर२०३२, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बोर्डावर हिरवट-निळा पाझर झालेली बॅरल बॅटरी असेल तर ती कापून काढा, नाहीतर ती आजूबाजूचे ट्रॅक खाते. डलासची डीएस१२८८७ चिप असेल तर बॅटरी त्या काळ्या ठोकळ्याच्या आतच असते, चिपच बदलावी लागते.

तारखेचा आणखी एक त्रास आहे. एमटीसीपीमध्ये डीएचसीपीनं (राउटरकडून आपोआप) आयपी घेतला की लीज (त्या आयपीची मुदत) किती वेळची ते कॉन्फिग फाइलीत लिहिलं जातं, आणि पुढं हिशेब मशीनच्या घड्याळावर चालतो. घड्याळ १९८०त गेलं की तो हिशेब गंडतो. शिवाय लीज संपत आली म्हणून पाठीमागे कुणी आपोआप ती वाढवत नाही, डीएचसीपीचा प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो. एका जागी उभ्या असलेल्या मशीनला डीएचसीपी कशाला हवं? राउटरच्या वाटपाबाहेरचा एक आयपी कायमचा लिहून टाका.

प्लग अँड प्लेचा मामला जरा नाजूक आहे. आरटीएल८०१९एएस चिपची कार्डं जंपरलेस (आकडे कार्डातच ठरलेले) किंवा प्लग अँड प्ले, दोन्ही प्रकारे चालतात. प्लग अँड प्लेवर असतील तर त्यांना आकडे बायोस वाटतो, आणि बायोस मूळ सेटिंगवर गेला किंवा बोर्डात एखादं कार्ड कमी-जास्त झालं की वाटप बदलतं. काल ३०० आणि १०, आज २४० आणि ५. ऑटोएक्झेकला त्याची खबर नाही. म्हणून रिअलटेकचा आरसेट८०१९ चालवून कार्ड जंपरलेसवर आणा आणि आकडे पक्के करा. ते कार्डावरच्याच छोट्या चिपमध्ये साठतात, सेल मेला तरी पुसले जात नाहीत. बायोसच्या प्लग अँड प्लेच्या पानावर आयआरक्यू १० समोर ‘लेगसी आयएसए’ निवडलं की बायोस ती तार दुसऱ्या कुणाला देत नाही. पण हे सेटिंग सेलवर अवलंबून आहे, सेल बदलल्यावर पुन्हा करायचं.

थ्रीकॉमचं ३सी५०९बी असेल तर त्याचा स्वतःचा सेटअप प्रोग्राम वापरा, प्लग अँड प्ले तिथंच बंद करा. त्याचा ड्रायव्हर कार्ड स्वतः हुडकतो, म्हणून आयओ ॲड्रेस लिहावा लागत नाही. महाग आहे, पण मिळालं तर मी तेच बसवतो.

पावती छापताना नेट लटकतं

हे वेगळं आहे, आणि इथं आयआरक्यूच्या मागे लागून दिवस जातो. एनई२००० कार्ड आयओच्या ३२ जागा घेतं. हेक्स ३६० वर ठेवलं तर ते ३७एफपर्यंत पसरतं, आणि एलपीटी१ (प्रिंटरचा पोर्ट) बसलाय ३७८ वर. डॉट मॅट्रिक्सनं पावती छापायला घेतली की प्रिंटरचे बाइट थेट नेटवर्क कार्डाच्या अंगावर जातात. कार्ड ३०० किंवा ३४० वर न्या. ३२० टाळलेलं बरं, कारण ते ३३० ओलांडतं आणि तिथं जुनी स्कझी (डिस्कची) कार्डं किंवा मिडी (संगीताची) असतात.

डब्ल्यूडी८००३ किंवा एसएमसीची शेअर्ड मेमरीवाली कार्डं असतील तर ईएमएम३८६ला ती जागा वगळायला सांगा, नाहीतर तो तिथं आपलं बिऱ्हाड थाटतो. एनई२०००ला हा त्रास नाही.

कौलाच्या कारखान्याजवळच्या मशीनांत लाल धूळ आणि ओल मिळून कार्डाच्या सोनेरी कडेवर थर बसतो. कार्ड काढून शाळेच्या खोडरबरानं कड पुसा आणि घट्ट बसवा. अर्ध्या तासाच्या वादापेक्षा हे आधी करावं.

फाइलींची काळजी

आता ड्रायव्हरबद्दलच. पॅकेट ड्रायव्हरांचा हा संग्रह रसेल नेल्सननं अमेरिकेतल्या क्लार्कसन विद्यापीठात असताना १९८८च्या सुमारास उभा केला आणि पुढं क्रिनवर नावानं सांभाळला. तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे: कुणीही वाटा, बदला, पण सोर्स मिळाला पाहिजे आणि बदलल्याची नोंद तारखेसह फाइलीत असली पाहिजे. आपल्याकडे मात्र वाटताना नेमकं हेच गळतं. पेनड्राइव्हवर नुसती कॉम फाइल येते, तिचं नाव एनई२०००, आणि आत कधी एनई१०००चा ड्रायव्हर निघतो, कधी कुणीतरी हेक्स एडिटरनं छेडलेली प्रत. नाव एकच, साइज वेगळी. दोन प्रती हातात आल्या तर डॉसचा एफसी ‘बी’ स्विचसह चालवून बाइटला बाइट ताडून बघा. मूळ झिपमधल्या फाइलीशी जुळत नसेल आणि सोबत एक ओळही लिहिलेली नसेल, तर मी ती प्रत काट्यावर चढवत नाही, ती चालत असली तरी.

सोर्सची रचना माहीत असली की कुठं काय बदलावं ते कळतं. सगळ्या ड्रायव्हरांचं डोकं आणि शेपूट सामाईक आहे, हेड आणि टेल नावाच्या असेंब्ली फाइलींत. मधला भाग ज्या त्या कार्डाचा. त्यातही नॅशनलच्या ८३९० चिपवरचा भाग आणखी एका सामाईक फाइलीत आहे, आणि एनई१०००, एनई२०००, डब्ल्यूडी८००३, ३सी५०३ हे सगळे तीच वापरतात. त्या फाइलीत दुरुस्ती केलीत तर चौघांचेही ड्रायव्हर पुन्हा असेंबल करून तपासायचे, एकाचाच नाही. नाहीतर दोन वर्षांनी निपाणीच्या मशीनवर दुरुस्ती आहे आणि संकेश्वरच्या नाही, आणि का ते कुणालाच सांगता येत नाही.

एकाच मशीनवर ड्रायव्हर दोनदा लोड होत नाही ना, हेही पाहा. ऑटोएक्झेकमध्ये एकदा आणि काट्याच्या बॅच फाइलीत पुन्हा, हे सर्रास सापडतं. दुसऱ्या वेळी ६० भरलेलं दिसतं म्हणून कुणीतरी तिथं ६१ टाकतो, मग एका कार्डावर दोन ड्रायव्हर बसतात आणि कुणाचंच धड चालत नाही. एक ओळ काढून टाका. लोड झालेला उतरवायला टर्मिन नावाचा प्रोग्राम आहे.

मशीनची कॅबिनेट बंद करण्याआधी आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवा: कार्डाची चिप, आयओ, आयआरक्यू, सॉफ्टवेअर इंटरप्ट, आयपी, सेल बदलल्याचा महिना, आणि ड्रायव्हर फाइलीची साइज व तारीख. आकडेच लिहा. ऑपरेटर कन्नडमधून बोलो की मराठीतून, फोनवर आकडे वाचून दाखवता येतात. त्याच कागदावर ‘कॉम२ बंद’ किंवा ‘कॉम२ला इंडिकेटर’, यातलं जे असेल ते ठळक लिहा.

एक प्रश्न अलीकडे दोन-तीन जणांनी विचारला: शेजारशेजारचे दोन काटे एकेकटे चालतात, दोन्ही सुरू केले की नेट येतं-जातं. दोन्ही मशीनांवर ड्रायव्हरनं छापलेला इथरनेट पत्ता ताडून बघा. स्वस्त नकली कार्डांच्या चिपमध्ये कधीकधी एकच पत्ता भरलेला येतो. मग स्विचला कुणाचं पॅकेट कुठल्या तोंडाला द्यायचं ते कळत नाही. सोपा मार्ग, एक कार्ड बदला. दुसरं मिळत नसेल तर दोघांना वेगवेगळ्या राउटरमागे ठेवा, नाहीतर सीरियलनं एका मशीनच्या नोंदी दुसऱ्याकडे न्या.